संकटात चर्चच्या मंडळीला शिस्त लावणाऱ्या ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम जय ख्रिस्त.

आपल्या मंडळीतल्या घरांवर कोसळलेल्या गाडीच्या अपघाताची बातमी कळताच मदतीला हात पुष्कळ पुढे आले, आणि सगळेच एका वेळी त्याच दारांत जाऊन उभे राहिले असते. ते तुम्ही थांबवलेत, म्हणून हे पत्र.

दुःखात सापडलेल्या प्रत्येक घरासाठी एकच संपर्क व्यक्ती, तीही नात्याबाहेरची, हा तुमचा पहिला आग्रह. नातलग स्वतःच खचलेला असतो, त्याला दिवसभर फोन घ्यायला लावू नये. दफनविधीची वेळ, गीते, डबे, सगळे त्या एकालाच विचारायचे. घरच्यांना कळल्याची खात्री होईपर्यंत प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप गटावर नाव टाकायचे नाही, हे काहींना कडक वाटले. पण ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून पुढे ढकललेला संदेश कधीकधी आईच्या आधी शेजाऱ्यांना मिळतो.

डब्यांच्या वहीचे तर किती आभार मानावेत! एरवी पहिल्या आठवड्यात अन्न फेकावे लागते आणि दीड महिन्याने त्या घराकडे कोणी फिरकत नाही. तुम्ही आलेल्या प्रत्येकाला ‘आज नको, ही तारीख घ्या’ म्हणालात आणि वही 3 महिन्यांपर्यंत भरलीत. मागच्या पानांवर वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, नाताळ. त्याच वहीत जखमींच्या घरांना जागा होती आणि गाडी चालवणाऱ्याच्या घरालाही. ही शेवटची ओळ लिहायला मंडळी सहजासहजी तयार होत नाही.

समुपदेशनाबाबत तुम्ही घाई केली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेतली तीन कामे सेवकांना शिकवलीत: बघा, ऐका, जोडून द्या. सगळ्यांना एकत्र बसवून ‘काय पाहिलंत ते सांगा’ असे करायचे नाही, कारण लगेच बोलायला भाग पाडल्याने त्रास वाढू शकतो. महिनाभरानंतरही झोप, जेवण, कामधंदा रुळावर येत नसेल तर तज्ज्ञांकडे पाठवायचे. जीव देण्याची भाषा निघाली तर त्याच क्षणी, आणि तोवर माणसाला एकटे सोडायचे नाही.

संडे स्कूलमध्ये ‘झोपला’ किंवा ‘देवाने नेला’ असे न सांगता ‘मरण पावला’ असेच सांगायला लावलेत. पहिल्याने मूल झोपायला घाबरते, दुसऱ्याने देवाला.

निधीचे थोडक्यात: वेगळे खाते, दोन सह्या, आणि पैसा कशावर खर्च होणार व उरला तर कुठे जाणार हे वर्गणी गोळा करण्याआधीच जाहीर. हे नंतर ठरवायला गेले की शोकाच्या जागी भांडण येते.

उपासनेत पाळकांनी, म्हणजे आपल्या धर्मगुरूंनी, बायबलमधले 88वे स्तोत्र वाचले, तेही तुमच्या सुचवण्यावरून. ते अंधारातच संपते, म्हणून सहसा कोणी निवडत नाही. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते, दुःखाची कारणे सांगू लागले तिथे चुकले, हे तुम्ही भेटीला जाणाऱ्यांना सांगितलेत. त्यानंतर ‘देवाची इच्छा’ हे शब्द भेटींत फारसे निघाले नाहीत. पाळकांची आठवड्यातली सुट्टीही तुम्हीच फळ्यावर लिहिलीत. ती अजून पुसलेली नाही.

वर्षस्मरणाच्या उपासनेत नावे वाचायची की नाही, ते घरची माणसे ठरवतील. शेजारच्या मंडळीने वही मागितली आहे. आखणीची कोरी प्रत त्यांना देतो. भरलेली पाने देणार नाही.

प्रभूमध्ये तुमचे ऋणी,
मंडळीचे सेवक