पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा शिक्का तपासा

महोदय,
२०२० मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ‘हॅलिसिन’ या रसायनाचे जंतुनाशक गुण उघड झाले, तेव्हा त्याचा जगभर गाजावाजा झाला; तो रास्तच होता. पण शास्त्रज्ञ फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये सापडलेल्या पेनिसिलिन या प्रतिजैविकाबद्दलचे एक मोलाचे संशोधन रुग्णांपर्यंत पोहोचतच नाही, याची खंत वाटते. लहानपणी औषध चालू असताना अंगावर पुरळ उठले, की केसपेपरवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असे लिहिले जाते आणि तो शिक्का जन्मभर पुसला जात नाही. प्रत्यक्षात अशा लोकांची रीतसर चाचणी केली, तर १० पैकी साधारण ९ जणांना हे औषध चालते. ते पुरळ पुष्कळदा विषाणूमुळे आलेले असते. शिवाय खरी ॲलर्जीही बहुतेकांत काही वर्षांनी ओसरते. शिक्क्यामुळे मात्र रुग्णाला एकाच वेळी अनेक प्रकारच्या जंतूंवर मारा करणारी प्रतिजैविके दिली जातात आणि औषधांना न जुमानणारे जंतू फोफावतात. ही चाचणी घरी करायची नाही, हे निक्षून सांगायला हवे. पूर्वी श्वास कोंडला असेल तर मुळीच नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखालील ही तपासणी रुग्णालयांनी आता नेहमीच्या कामाचा भाग करावी.

– एक वाचक