जहाजांच्या ठेव्याच्या चिठ्ठ्या हरवू नयेत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यातल्या चार्ल्सटाउन या लहानशा बंदरगावी बुडालेल्या जहाजांतून वर काढलेल्या वस्तूंचे एक खासगी संग्रहालय होते. रिचर्ड लार्न या पाणबुड्याने ते 1976 मध्ये सुरू केले. चिनी मातीच्या धंद्यासाठी बांधलेल्या जुन्या इमारतीत आणि तिच्या खालून बंदराकडे जाणाऱ्या बोगद्यांत 150 हून अधिक जहाजांतील 8,000 च्या वर वस्तू मांडलेल्या होत्या. हे संग्रहालय बंद झाले, आणि 2025 च्या नोव्हेंबर महिन्यात तो संग्रह वेगवेगळ्या हिश्शांनी लिलावात निघाला. खानापूरसारख्या, सह्याद्रीने समुद्रापासून अडवलेल्या तालुक्यात राहणाऱ्या निवृत्त इतिहास शिक्षकाने या बातमीवर पत्र का लिहावे, असे आपल्या वाचकांना वाटेल. कारण असे की, संग्रह फुटतो म्हणजे नेमके काय होते ते मी एकदा फार जवळून पाहिले आहे.

आमच्या भागातील एका शाळेत एका जुन्या शिक्षकांनी आयुष्यभर खपून एक कपाट भरले होते. त्यात शेत नांगरताना निघालेली खापरे होती, तांब्याची नाणी होती, दगडी पाटे होते आणि एक गंजलेला भाल्याचा फाळही होता. प्रत्येक वस्तूला वहीच्या रेघी कागदाची चिठ्ठी खळीने चिकटवलेली असे, आणि तिच्यावर त्यांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत गाव, शेताचे नाव, मिळाल्याची तारीख आणि सोबत आणखी काय निघाले एवढे लिहिलेले असे. पुढे इमारतीची दुरुस्ती निघाली तेव्हा सगळे कपाट दोन पोत्यांत रिकामे करण्यात आले. पावसाळा गेल्यावर पोती उघडली तेव्हा नाणी होती, खापरेही बहुतेक होती, परंतु खळ भिजून चिठ्ठ्या सुटल्या होत्या आणि पोत्याच्या तळाशी त्यांचा लगदा झाला होता. कोणते खापर कोणत्या शिवारातले हे सांगणारे शिक्षक तोवर वारले होते. वस्तू चोरीला गेली नाही, म्हणून कोणी तक्रार केली नाही. पण त्या दिवसानंतर ते कपाट मी एकाही विद्यार्थ्याला उघडून दाखवू शकलो नाही, कारण सांगण्यासारखे त्यात काही उरलेच नव्हते.

बुडालेल्या जहाजाच्या बाबतीत हे नुकसान कितीतरी पटींनी मोठे असते. जमिनीवरच्या गावात शतकाशतकांचे थर एकमेकांत मिसळतात. जहाज मात्र एका दिवशी, एका घटकेला बुडते, आणि त्या घटकेला त्यावर जे जे होते ते सगळे एका ठिकाणी बंद होते. खलाशाचा चमचा, डॉक्टरची बाटली, तोफेचा गोळा आणि मालाच्या पेट्या यांचा एकमेकांशी असलेला संबंध हाच तिथला खरा ऐवज. ज्या लार्न यांनी चार्ल्सटाउनचे संग्रहालय उभारले, ते 1967 मध्ये कॉर्नवॉलपलीकडच्या सिली बेटांजवळ असोसिएशन ही ब्रिटिश युद्धनौका शोधणाऱ्या नौदलाच्या पाणबुड्यांपैकी एक होते. ही नौका 1707 मध्ये आणखी तीन नौकांसह खडकांवर आपटून बुडाली, कारण आपण नेमके कुठे आहोत हे आरमाराला कळलेच नव्हते, आणि अशाच अपघातांच्या धास्तीने 1714 मध्ये समुद्रावर रेखांश ठरवण्याची युक्ती काढणाऱ्यास बक्षीस देण्याचा कायदा ब्रिटनच्या संसदेने केला. अशा नौकेवरचे एखादे नाणे कुणाच्या दिवाणखान्यात गेले की ते नुसते एक जुने नाणे होते.

हे सारे परदेशातले, आपल्याला दूरचे, असेही नाही. गोव्याजवळ सेंट जॉर्ज रीफ नावाच्या खडकापाशी दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना एका बुडालेल्या जहाजातला कौलांचा आणि भाजलेल्या मातीच्या इतर वस्तूंचा माल सापडला. त्यांवर बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेच्या मंगळूरच्या कारखान्याची छाप आणि 1865 हे साल होते. आमच्या घराची कौले मृगाच्या आधी परतताना तशीच छाप मी लहानपणापासून पाहत आलो आहे. खानापूर, बेळगावकडच्या किती जुन्या घरांवर ती मंगळुरी कौले असतील याची गणती नाही. आता 1865 हे त्या कारखान्याच्या स्थापनेचे साल आहे, जहाज बुडाल्याचे नव्हे. म्हणजे एकटे कौल हाती घेतले तर ते आपल्याला चुकीचे साल सांगेल. ते कौल कोणत्या ढिगात, कशाच्या शेजारी पडले होते याची नोंद असली, तरच ते जहाज केव्हाचे आणि कुठे चालले होते याचा माग लागतो.

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात मी दरवर्षी सहल नेत असे. तिथे ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्य मूर्ती आहे. एका वर्षी एका मुलाने विचारले, "सर, समुद्राचा देव घाट चढून वर कसा आला?" त्याला उत्तर देता आले, कारण त्या मूर्तीबरोबर रोमन घडणीची कांस्य भांडी आणि सातवाहन काळातल्या वस्तीचे अवशेष तिथेच मिळाले होते आणि त्यांची नोंद झाली होती, पश्चिम किनाऱ्याला लागणाऱ्या जहाजांपासून पंचगंगेपर्यंतचा व्यापार त्यावरून समजावून सांगता आला. ती मूर्ती एकटीच एखाद्या लिलावात विकली गेली असती, तर त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर राहिले नसते.

जहाजाच्या पोटातले काय जपायचे आणि काय विकायचे, याचे एक उदाहरण तर आपल्याच कर्नाटकाच्या नावाचे आहे. शाळेत आपण ज्याला गिरसप्पाचा धबधबा म्हणत आलो, त्या गेरसप्पाचे नाव धारण करणारे गेरसोपा हे मालवाहू जहाज कलकत्त्याहून चहा, कच्चे लोखंड आणि चांदी घेऊन निघाले आणि फेब्रुवारी 1941 मध्ये आयर्लंडच्या नैऋत्येस जर्मन पाणबुडीच्या मार्‍याने बुडाले. त्यावरचे बहुतेक खलाशी हिंदी होते. सगळ्यांतून एकच अधिकारी जिवंत किनाऱ्याला लागला. 2012 आणि 2013 या दोन वर्षांत एका अमेरिकी कंपनीने सुमारे 4,700 मीटर खोलीवरून त्यातल्या 2,792 चांदीच्या विटा, म्हणजे जवळजवळ 110 टन चांदी वर काढली. ती चांदी वितळली, विकली गेली. त्याच जहाजात टपालही होते. समुद्राच्या तळाच्या गाळात दबून राहिलेली 700 हून अधिक पत्रे कागदाच्या तज्ज्ञांनी महिनोन् महिने खपून सुटी केली, वाचली आणि लंडनच्या पोस्टल म्युझियमने ती लोकांपुढे मांडली. हिंदुस्थानातल्या छावण्यांतून मायदेशी लिहिलेली ती पत्रे आज सर्वांची आहेत. मला विचाराल तर त्या जहाजाचा खजिना तोच.

कायद्याने पाहता चार्ल्सटाउनच्या लिलावात काही गैर घडलेले नाही, हे मुद्दाम नमूद करतो. ब्रिटनमध्ये बुडालेल्या जहाजातली वस्तू वर काढणाऱ्याने 28 दिवसांत सरकारी अधिकाऱ्याकडे ती नोंदवावी लागते, आणि हक्क सिद्ध झाल्यावर मालकाला ती विकता येते. परंतु पाण्याखालील सांस्कृतिक वारशाविषयी युनेस्कोने 2001 मध्ये जो करार केला, त्याच्या नियमांत असा वारसा व्यापारी माल म्हणून विकू नये आणि एका जहाजाचा संग्रह, त्याच्या कागदपत्रांसह, शक्यतो एकत्र ठेवावा असे स्पष्ट म्हटले आहे. ब्रिटनने आणि भारतानेही या करारास अद्याप मान्यता दिलेली नाही. भारताने ती द्यावी, ही माझी पहिली विनंती आहे, आणि किनारा असलेल्या कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांनी केंद्राकडे तसा आग्रह धरावा. भाषेच्या आणि गावांच्या प्रश्नावर आमचे कर्नाटकाशी आणि केंद्राशी जे भांडण आहे ते आहेच. या एका कामात मात्र तिन्ही राज्यांचे हित एकच आहे.

संग्रह एकत्र राहू शकतो, हे सिंगापूरने दाखवून दिले. इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ 1998 मध्ये सापडलेल्या नवव्या शतकातल्या अरबी बांधणीच्या जहाजातला सुमारे 60,000 वस्तूंच्या मालापैकी बहुतेक सगळा त्यांनी 2005 मध्ये एकत्रच विकत घेतला आणि आपल्या आशियाई संस्कृती संग्रहालयात तो मांडला. ते जहाज ज्या रीतीने वर काढले गेले त्यावर पुष्कळ टीका झाली आणि ती रास्त होती. तरीही बहुतेक माल एका छपराखाली राहिला. त्याच्या उलट 1986 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला गेल्डरमाल्सन या डच जहाजातली दीड लाखाच्या घरातली चिनी भांडी लिलावात विकली गेली, आणि आज ती जगभरच्या काचेच्या कपाटांत विखुरलेली आहेत.

आणखी एक गोष्ट खरेदीदारांना कोणी सांगत नाही. शेकडो वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेला लोखंडी गोळा किंवा नांगर हवेत आणला की त्यात मुरलेले क्षार बाहेर येऊ लागतात. तो आतून फुगतो, पापुद्रे सुटतात आणि काही वर्षांत त्याचा भुगा होतो. त्याला महिनोन् महिने क्षारविरहित करावे लागते आणि नंतरही कोरड्या हवेत ठेवावे लागते. हे काम संग्रहालयाचे आहे, हौशी माणसाच्या घरचे नव्हे.

सीमाभागातल्या आम्हा माणसांना पाटीवरच्या अक्षरांची किंमत वेगळी सांगायला नको. त्यासाठी आमच्या दोन पिढ्या झगडल्या. वस्तूवरच्या चिठ्ठीबद्दलही आपण तितकेच हट्टी असावे, असे मला मनापासून वाटते. चार्ल्सटाउनचा संग्रह आता पुन्हा एकत्र येणार नाही. पण लिलावासाठी काढलेली छायाचित्रे आणि वर्णने संगणकावर आज मिळू शकतात, उद्या मिळतील याचा भरवसा नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठातल्या किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याने ती यादी उतरवून घ्यावी आणि तीतल्या हिंदुस्थानच्या व्यापारावरील जहाजांच्या वस्तू वेगळ्या काढाव्यात. उतरवून घेणे, तपासणे, मोडी किंवा जुने इंग्रजी वाचणे यांपैकी जे काम सांगाल ते मी करायला तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव