गटकामालाही बॅच द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. मुलांनी नुसतं ऐकत न बसता चर्चा करत, एकमेकांकडून शिकावं, असं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं. मला ते मनापासून पटतं, म्हणूनच हे पत्र.

गेल्या आठवड्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कांद्याच्या भावावर गटचर्चा ठेवली. वर्गात ११२ मुलं, तास ४८ मिनिटांचा. बाकं लांबलचक, जागची न हलणारी. पुढच्या बाकावरची मुलं कमरेतून वळून, वही मांडीवर घेऊन बसली. हजेरी आणि गट पाडण्यातच वीस मिनिटं गेली. एका गटात वडिलांबरोबर बाजार समितीत जाणारा मुलगा होता. लिलावात बोली कशी लागते, ओल्या मालाचा भाव का पडतो, हे तो सांगत होता आणि एरवी खिडकीबाहेर बघणारी मुलं त्याच्याकडे झुकून ऐकत होती. मी तिथवर पोचले आणि घंटा झाली. शेजारच्या गटात एकटी मुलगी लिहीत होती, बाकीचे पाच जण तिच्या वहीत बघत होते. एकोणीस गटांत कोणी काय केलं, हे मला एकटीला कसं कळावं? अंतर्गत गुण शेवटी सहाही जणांना सारखेच पडतात. ती मुलगी पुढच्या वेळी एवढं जीव तोडून का लिहील?

आमच्याच कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला वर्गाच्या बॅचेस पडतात आणि प्रत्येक बॅचचे तास प्राध्यापकाच्या वर्कलोडमध्ये धरले जातात. दोन तासांचं प्रात्यक्षिक एका श्रेयांकाला (क्रेडिटला), हा हिशेब सगळ्यांना मान्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) श्रेयांक पद्धतीत ट्यूटोरियल, म्हणजे छोट्या गटाबरोबर चर्चेचा तासही आहे, पण आमच्या वेळापत्रकात त्याला तास नाही. गटात बसून विचार करायला प्रयोगशाळेइतकाच निवांत वेळ लागतो, साहेब.

आणि माणसंही लागतात. माझी तासिका तत्त्वावरची, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतंच मानधन मिळणारी, सहकारी तास संपताच दुसऱ्या गावच्या कॉलेजसाठी एसटी गाठते. मुलांच्या गटाजवळ दहा मिनिटं थांब, असं तिला मी कोणत्या तोंडानं सांगू?

कला आणि वाणिज्य शाखेला आठवड्यातून एकदा सलग दोन तास, तीस मुलांची बॅच, त्या तासांना वर्कलोडमध्ये मान्यता आणि त्यासाठी लागणाऱ्या पदांची भरती, एवढा शासन निर्णय पुढच्या वर्षाचं वेळापत्रक लागण्याआधी काढावा, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
अर्थशास्त्राची एक प्राध्यापिका