आधी महिना, मग नकाशा

प्रिय नितीन,

तुझी यादी मिळाली. उयुनीचं मिठाचं मैदान, स्वालबार्ड, दानाकिल आणि दरवाझाचं जळतं विवर. निवड झकास आहे, पण चारही ठिकाणं एकाच वर्षात उरकायची म्हणतोस, ते डोक्यातून काढून टाक. आडवाटेच्या जागांचं एक असतं: त्या वर्षभर सारख्या नसतात, आणि काही तर गेल्या चार-पाच वर्षांतच पार बदलल्यात. ज्या फोटोवर तू भाळलास तो कोणत्या महिन्यात आणि कोणत्या साली काढलाय ते आधी शोध. तिकिटाचं नंतर बघू.

माझं मत विचारशील तर पहिलं उयुनी कर. बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून ३,६५६ मीटरवर, दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं मिठाचं पठार. आकाश पायाखाली आल्यासारखे दिसणारे ते फोटो साधारण जानेवारीअखेर ते मार्च या काळातले. पावसाचं काही सेंटिमीटर पाणी मिठावर साचतं, आणि वारा पडलेला असेल तरच त्याचा आरसा होतो. म्हणून पहाट किंवा सूर्यास्त गाठायचा. भर दुपारी वारा सुटला की नुसतं गढूळलेलं पाणी दिसतं. याच पाण्यामुळे मैदानाच्या मध्यावरच्या इन्काउआसी बेटापर्यंत, जिथे ते उंच निवडुंग आहेत, गाड्या बहुतेक वेळा जात नाहीत. मे ते ऑक्टोबर सगळं कोरडं असतं: मिठावर बहुभुजाकृती रेघा उमटलेल्या, बेटावर सहज जाता येतं, पण रात्री कडाक्याची थंडी. दोन्ही एकदम हवंय म्हणशील तर कोणी प्रामाणिक माणूस तुला खात्री देणार नाही.

खरी गोम उंचीची आहे. बहुतेक लोक विमानाने थेट ला पाझला उतरतात, आणि तिथला विमानतळच चार हजार मीटरच्या वर आहे. पहिल्याच रात्री डोकं ठणकतं, झोप लागत नाही, मग तिसऱ्या दिवशी जीपमध्ये उलट्या. त्यापेक्षा आधी बोलिव्हियातल्याच सुक्रे शहरात जा. ते सुमारे २,८०० मीटरवर आहे. दोन-तीन रात्री तिथे काढ, मग रस्त्याने उयुनी गाठ. तीन दिवसांची जीपसफर उयुनीहून सुरू करून चिलीच्या सान पेद्रो दे आताकामाला संपवणं मला जास्त पटतं. उलट दिशेने आलं तर २,४०० मीटरच्या गावातून पहिल्याच दिवशी चार हजारांच्या वर चढावं लागतं आणि मुक्कामही तिथेच पडतो. वाटेतलं दक्षिणेकडचं लाल पाण्याचं तळं, लगुना कोलोरादा, ४,२०० मीटरच्या पुढे आहे, सोल दे मान्यानाचे गरम झरे आणि उकळता चिखल त्याहूनही वर, साधारण ४,८५० मीटरवर. तिथे पहाटे नेतात, तेव्हा हातमोजे हवेतच. उंचीच्या त्रासावर असेटाझोलामाइड घेतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर त्यांना आधी सांग. डोकेदुखी वाढतच गेली, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही, खाली उतरायचं.

आणखी एक. मिठावरून ऊन परावर्तित होऊन खालून येतं. हनुवटीखाली, कानामागे, अगदी नाकपुड्यांच्या कडेलाही मलम लावायचं. लोक टोपी घालून निश्चिंत होतात आणि नेमकं तिथेच भाजतात. जीप ठरवताना गाडीला सीटचे पट्टे आहेत का, जादा चाक आहे का आणि चालक शुद्धीत आहे का, हे निघायच्या आधी स्वतः बघ. शेवटचं गमतीने लिहिलेलं नाही.

स्वालबार्डचं गणित वेगळं. नॉर्वेचा आर्क्टिकमधला द्वीपसमूह, ७८ अंश उत्तर अक्षांश. तू ‘उन्हाळ्यात ध्रुवीय प्रकाश’ (म्हणजे रात्रीच्या आकाशातला अरोरा) असं लिहिलंयस, ते जमायचं नाही. साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट तिथे सूर्य मावळतच नाही. आणि फक्त ध्रुवीय प्रकाशासाठीच जायचं असेल तर नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचं त्रोम्सो बरं. रात्रीच्या वेळी त्या प्रकाशाचा पट्टा बहुधा त्याच भागावर असतो. बर्फातल्या गाड्या आणि उजेड दोन्ही हवं तर मार्च-एप्रिल, बोटीने हिमनद्या बघायच्या तर जुलै-ऑगस्ट.

इथे लोक कागदावर अडकतात. १९२०च्या करारामुळे स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्राच्या, बाहेर आहे आणि विमान नॉर्वेतूनच जातं. तेव्हा शेंगेन व्हिसा लागणाऱ्याने तो किमान दोनदा प्रवेशाचाच मागायचा. एकदाच प्रवेशाचा असेल तर परतीच्या वाटेवर घोळ होतो. वस्तीबाहेर अस्वलांपासून संरक्षणाच्या साधनांशिवाय जायचं नाही, म्हणजे तुझ्यासाठी बंदूकधारी वाटाड्या. १ जानेवारी २०२५पासून पांढऱ्या अस्वलापासून ३०० मीटर लांब राहायचा नियम आहे, १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. त्यामुळे ‘अस्वल जवळून दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नकोस. लांब पल्ल्याची लेन्स ने. जगभरातली बियाणी जपून ठेवलेल्या तिथल्या कोठाराचं दार बाहेरून बघायचं, आत सोडत नाहीत. विमा घेताना त्यात शोध आणि सुटकेचा खर्च धरलाय ना, ते तपास.

दानाकिल सध्या बाजूला ठेव. इथिओपियातला हा खोलगट प्रदेश, आणि त्यातलं दालोल समुद्रसपाटीच्या शंभरहून जास्त मीटर खाली आहे. पिवळी-हिरवी आम्लाची डबकी, आणि त्यांच्या काठची मिठाची साय कुठे पातळ असेल ते वरून कळत नाही, म्हणून वाटाड्याच्या पावलावर पाऊल. जायचंच तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एरवी उष्मा सोसवत नाही. पण त्या भागात पूर्वी पर्यटकांवर हल्ले झालेत, आणि २०२५च्या नोव्हेंबरात जवळच्याच हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याच भागातल्या एर्ता आले ज्वालामुखीचं लाव्हाचं तळं जुन्या फोटोंत दिसतं तसंच भेटेल असं धरून चालू नकोस.

दरवाझाची मात्र घाई आहे. तुर्कमेनिस्तानातलं, जमिनीतल्या वायूने जळणारं हे विवर सुमारे ७० मीटर रुंद. ते विझवायचे आदेश २०२२मध्ये निघाले आणि २०२५मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनीच आग बरीच कमी झाल्याचं सांगितलं. म्हणून अलीकडच्या महिन्याचा व्हिडिओ मागवल्याशिवाय पैसे भरू नकोस. मुक्काम रात्रीचा कर, दिवसा ज्वाळा फिक्या दिसतात. कड ठिसूळ आहे, कुंपण ओलांडू नकोस, आणि वारा ज्या दिशेला वाहतोय त्या बाजूला उभा राहू नकोस.

उयुनीसाठी फेब्रुवारी की जुलै, एवढं ठरव आणि कळव. सुक्रेपासून पुढचा दिवसवार आराखडा मी लिहून पाठवतो. तोवर पासपोर्टची मुदत बघ. परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी शिल्लक हवी.

तुझा,
श्रीधर