'खजिना' म्हणू नका, आणि डबा हंगाम बघून ठेवा

संपादक महोदय,

सुट्ट्या तोंडावर आल्या की भटकंतीच्या पानांवर जिओकॅशिंगविषयी थोडेफार छापून येते आणि मथळा बहुधा ठरलेला असतो : 'खजिन्याचा शोध'. आमची पहिली तक्रार या शब्दाशी आहे. खेळ साधा आहे. कोणीतरी झाकणाचा डबा आडोशाला ठेवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी मोबाइलच्या जीपीएसवर तिथे पोहोचायचे, डबा हुडकायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसाच ठेवायचा. शहरात याला खजिना म्हटले तर कोणाचे काही बिघडत नाही. विदर्भातल्या खेड्यात मात्र पडकी गढी, जुनी विहीर किंवा गावाबाहेरचे देऊळ अशा जागी तिन्हीसांजेला दोन अनोळखी माणसे दगड उचकताना दिसली आणि विचारल्यावर 'खजिना शोधतोय' म्हणाली, तर गावाला गुप्तधनच आठवणार. त्यापायी होणारे अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत घालावे लागले, इतकी ही गोष्ट आपल्याकडे खरी आहे. नुसत्या अफवेने काय होते ते २०१८ साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवले; पोरे पळवणारे समजून तिथे पाच निरपराध माणसे मारली गेली. म्हणून 'डबाशोध' म्हणा, 'वहीचा डबा' म्हणा, पण खजिना नको. गावात शिरताना पारावर बसलेल्यांना किंवा पोलीस पाटलांना आधी मोबाइलवरचा नकाशा दाखवावा. पाच मिनिटे जातात, पण पुढचे दोन तास निवांत मिळतात.

गुप्तधनाशी गल्लत होऊ नये असा एक नियम खेळातच आहे : खणायचे नाही. डबा पुरायचा नाही आणि काढताना कुदळ-सब्बल लागेल असा ठेवायचा नाही. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागते, जागेच्या मालकाची परवानगी लागते. खाण्याची वस्तू आत ठेवायची नाही. जीपीएस उपग्रहांच्या संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकेने २ मे २००० ला काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी या खेळातली पहिली बादली ठेवली. तिच्यात घेवड्याच्या दाण्यांचा सीलबंद डबा होता म्हणे! आज तो नियमात बसला नसता. आपल्याकडे तर साबण आणि सुवासिक मेणबत्तीही नको. वानरे, रानडुकरे आणि मुंगळे यांना वही-पेन्सिलीत रस नसतो, वासात असतो.

सालगड्याचे साल पाडव्याला सुरू होते. डब्याचे सालही तिथूनच मोजावे, कारण वर्षातले सगळे आनंद आणि सगळा मनस्ताप बहुतेक वेळा डबा ठेवतानाच ठरलेला असतो. शोधणारा नुसता त्याची फळे भोगतो.

उन्हाळ्यात सागाची पाने झडलेली असतात. आभाळ मोकळे, संकेत स्वच्छ, मोबाइल पाचेक मीटरपर्यंत नेऊन सोडतो. निर्देशांक, म्हणजे अक्षांश-रेखांशाचे आकडे, नोंदवायला हाच काळ उत्तम. फोन जागेवर पाच-सात मिनिटे स्थिर ठेवावा, वेगवेगळ्या वेळी किमान तीन नोंदी घ्याव्यात आणि सरासरी काढावी. आकडे लिहिण्याच्या पद्धतीत मोठी फसगत होते. या खेळात अंश आणि दशांश-मिनिटे वापरतात. २१° ०८.५०० मिनिटे म्हणजे दशांशात २१.१४१६७ अंश. कोणी घाईत २१.०८५०० भरले, तर माणूस सव्वासहा किलोमीटर दक्षिणेला, भलत्याच शिवारात जाऊन उभा राहतो. तेच आकडे ८ मिनिटे ५० सेकंद असे वाचले तर चूक सहाशे मीटरची होते, आणि ही जास्त वाईट, कारण गाव बरोबर असते. शेवटचा आकडा एकने चुकला तर आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण १.८५ मीटर आणि पूर्व-पश्चिम १.७३ मीटर फरक पडतो, तेवढा चालतो.

पण डबा टिकण्यासाठी उन्हाळा सगळ्यात वाईट. पेरणीआधी शेतकरी धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवतात, जंगलकडेला पाचोळ्याला आग लागते. गवतात किंवा धुऱ्यावरच्या बाभळीच्या बुडाशी ठेवलेल्या डब्याचा मे महिन्यात काळा गोळा होतो. पोकळ खोड तर चिमणीसारखे आतून पेटते. दगडांच्या रचनेत, भोवती दोन हात उघडी जमीन असलेली जागा धरावी. 'उत्तरेची बाजू सावलीची' हा थंड मुलखातला सल्ला इथे लागू नाही. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेलाच जातो. टाळायचे ते पश्चिमेचे ऊन. त्याने प्लास्टिक ठिसूळ होते आणि आधी झाकणाच्या क्लिपचे बिजागर तुटते. बाहेरून गुंडाळलेली चिकटपट्टी पाघळून डबा हाताला चिकटतो तो वेगळाच. शोधायला जायचे तर सकाळी नऊच्या आत परतावे. माणशी तीन-चार लिटर पाणी घ्यावे. फोन उन्हात धरला की पडदा मंद होतो आणि शेवटी बंदच पडतो. ओल्या दुपट्ट्याच्या सावलीत धरावा.

मृग लागला की दुसरा खेळ सुरू. डबा 'वॉटरप्रूफ' असूनही पहिल्याच सरीत वही का भिजते, हे पुष्कळांना कोडे वाटते. दुपारी तापलेल्या डब्यातली हवा फुगून रबराच्या कडेतून थोडी बाहेर पडते. मग अचानक सर येते, डबा थंड होतो आणि आतली हवा आकसून बाहेरचे पाणी त्याच कडेतून ओढून घेते. रबरात मातीचा एक कण अडकलेला असला तरी पुरते. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे वहीच्या पिशवीचे टोक झाकणात अडकणे. डबा ठेवण्याआधी त्याची परीक्षा घरीच घ्यावी : आत कोरडा टिश्यू पेपर घालून, वर दगड ठेवून, रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवावा. सकाळी कागद दमट लागला तर तो डबा डाळ-तांदळाला द्यावा. चार क्लिपांचा, सिलिकॉनच्या रबराचा अर्धा ते एक लिटरचा पारदर्शक डबा आपल्याकडे चांगला टिकतो. स्टीलचा डबा दिसतो दणकट, पण झाकण घट्ट नसते. छोटा डबा हवा असेल तर पाण्याच्या बाटल्या फुगवण्याआधीची जाड नळी, तिला प्रीफॉर्म म्हणतात, झाकणासकट वापरावी. वही म्हणून कागदाची पट्टी गुंडाळून घालावी आणि ती बाहेर ओढायला चिमटा जवळ ठेवावा. लिहायला पेन नको, पेन्सिलच. ओल खाणाऱ्या जेलच्या पुड्या टाकणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की झाकण गळके असेल तर ती पुडी दोन दिवसांत तुडुंब होते आणि पुढे स्वतःच ओल धरून बसते.

काळ्या मातीचा स्वभाव तर शेतकऱ्याला सांगायला नको. उन्हाळ्यात वितीएवढ्या भेगा, पावसात सगळे फुगून बंद. जमिनीलगत दगडाखाली ठेवलेली प्रीफॉर्मची नळी भेगेत घसरली आणि वर पाऊस झाला, की ती कायमची गेली. वावरातली जागा टाळून मुरमाड टेकाड, नाल्याच्या काठचा खडक किंवा दगडी बांध बघावा. जूनमध्ये कोरडा असलेला नाला ऑगस्टमध्ये कुठवर येतो ते गावातल्या गुराख्याला विचारावे. नकाशा ते सांगत नाही.

श्रावणात पानोळा दाट झाला की मोबाइलचा बाण पंधरा-वीस मीटर इकडेतिकडे नाचतो. त्याच्या मागे गोल गोल फिरू नये. तीस मीटर मागे, मोकळ्यावर यावे, बाण कुठे दाखवतो ती रेष मनात धरावी. असे तीन बाजूंनी करावे आणि रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे फोन खिशात घालून डोळ्यांनी शोधावे. नेटवर्क नसलेल्या भागात फोनला पहिली स्थिती पकडायला वेळ लागतो. उघड्यावर काही मिनिटे उभे राहावे, चालत राहू नये. नकाशा घरूनच उतरवून घ्यावा. उपग्रहावरून संदेश पाठवणारी परदेशी यंत्रे मात्र कोणी भेट दिली तरी आणू नयेत. भारतात ती परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा ठरते.

डब्यासोबत दिलेला इशारा हंगामाला पुरला पाहिजे, हे इथले लपवणारे हमखास विसरतात. 'फुललेल्या पळसाखाली' हा इशारा फाल्गुनात बरोबर, पोळ्याला निरुपयोगी. 'घाणेरीच्या जाळीमागे' म्हणावे तर मे महिन्यात जाळीच्या नुसत्या काड्या. पांदणीचे, म्हणजे शेतरस्त्याचे, वळण, मैलाचा दगड, पुलाची मोरी असे न बदलणारे काही सांगावे. डबा मात्र मोरीत किंवा पुलाखाली ठेवू नये. रेल्वे रूळ, बसस्थानक, शाळा इथेही नको. तिथे बेवारस डबा दिसला तर बॉम्बशोधक पथकच येते.

पावसाळ्यात आणि नंतर गवत कंबरेला लागलेले असताना फटीत हात घालण्याआधी काठी घालावी, ठोकावे, टॉर्च मारावा. घोणस, नाग, मण्यार, फुरसे या चारही विषांवर सरकारी दवाखान्यातली प्रतिविषाची एकच लस चालते. कापू नये, आवळून बांधू नये, अवयव स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा. हिवाळ्यात कुयलीच्या शेंगा पिकतात. लव अंगाला लागली तर चोळू नये, चिकटपट्टीने उचलून मग धुवावी.

आता चांगले. कोजागिरीनंतर झाकण उघडावे आणि चार महिने पावसात राहिलेली वही कोरडी खडखडीत निघावी, ही या खेळातली खरी दिवाळी. ठेवणाऱ्याचीही आणि शोधणाऱ्याचीही. त्यापुढचे चार महिने विदर्भाला तोड नाही. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव पक्ष्यांनी भरतात, पाळीवरून चालत जाऊन दुपारपर्यंत दोन-तीन डबे आरामात होतात. वऱ्हाडात कापसाची वेचणी चालू असते. वावर तुडवून जवळची वाट काढण्यापेक्षा पांदणीने जावे, वेचणाऱ्या बायाच पुष्कळदा नेमकी खूण सांगतात.

डब्याशिवायचे प्रकार आपल्या भागाला जास्त शोभतात, पण त्यांच्याकडे फार कोणी वळत नाही. लोणारला डबा ठेवायचे कामच नाही. ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. तिथे 'अर्थकॅश' हवा : येणाऱ्याने जागेवर बघून भूशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. तिथल्या धार या झऱ्याचे पाणी गोडे आणि सरोवराचे खारे-अल्कधर्मी का? पाण्याला बाहेर जायला वाट नाही, जाते ते फक्त वाफेने, मग क्षार मागे राहतात. हे उत्तर काठावर उभे राहून सुचले तर कुठलाही डबा त्याच्यापुढे फिका. हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन यांची कबर आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे हे पहिले अधीक्षक जानेवारी १८२३ मध्ये तिथेच वारले. ज्यांनी या देशाचे अक्षांश-रेखांश साखळीने आणि थिओडोलाइट या कोन मोजायच्या यंत्राने मोजले, त्यांच्या मुक्कामापासून सुरू होणारी टप्प्याटप्प्याची फेरी बांधता येईल : तारखेतले आकडे घ्यायचे, त्यांतून पुढच्या जागेचे निर्देशांक काढायचे आणि वहीचा डबा गावाबाहेर, मालकाच्या परवानगीने. स्मारकाला हातही लागत नाही.

किल्ला म्हणजे मोकळी जागा, हा समज सोडावा. नरनाळा आणि गाविलगड दोन्ही मेळघाटच्या व्याघ्र क्षेत्रात येतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अशा जंगलात परवानगीविना शिरता येत नाही, मग डबा ठेवणे दूरच. तटाचा सुटलेला चिरा उचलून त्यामागे डबा सरकवणारे शहाणे आणि नावे कोरणारे यांच्यात आम्हाला फारसा फरक वाटत नाही.

डबा मिळाला नाही तर 'सापडला नाही' अशी नोंद प्रामाणिकपणे करावी. त्यात कमीपणा नाही, उलट डब्याच्या मालकाला तेवढीच खबर लागते. लागोपाठ दोन अशा नोंदी आल्या की मालकाने स्वतः जाऊन बघावे. न सापडल्यावर आपल्याच खिशातला नवा डबा तिथे टाकून 'सापडला' लिहिणे मात्र वाईट. जुना डबा दोन हातांवर असतोच, मग एका जागी दोन होतात आणि दोन्हींना वाली नाही. मालकाच्या वर्षातून चार फेऱ्या ठरलेल्या असाव्यात : मृगाआधी, कोजागिरीनंतर, संक्रांतीला, होळी झाल्यावर. तेवढे जमत नसेल तर ठेवूच नये. रस्ता रुंदीकरणात झाड गेले किंवा खेळ सोडला, तर नोंद बंद करून डबा हाताने उचलून आणावा.

शेवटी चिठ्ठी. झाकणावर मार्करने लिहिलेले एका उन्हाळ्यात उडते, म्हणून कागद पारदर्शक डब्याच्या आतून, बाहेर वाचता येईल असा लावावा. मराठीत, मोठ्या अक्षरात, एवढेच : 'हा नकाशावरच्या खेळाचा डबा आहे. आत वही आणि पेन्सिल आहे, मौल्यवान काही नाही. जागेच्या मालकांना माहीत आहे. बघून झाल्यावर झाकण चारही बाजूंनी दाबून इथेच ठेवा.'

आपले,
अमरावती-यवतमाळ भागातले काही डबाशोधक