‘हात न लावता’ बसवलेली माझी दाढ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या आरोग्य पुरवणीतला, संगणक आणि यंत्राने दात तयार करण्यावरचा लेख दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर आणि एकदा चहा गार झाल्यावर. ‘मानवी हाताचा स्पर्शही न होता तयार होणारा दात’ हे ठळक टायपातलं वाक्य पहिल्या खेपेला कसंबसं गिळलं, दुसऱ्या खेपेला घशातच अडकलं. मी ३८ वर्षं दात तयार केले. डॉक्टर नाही, डेंटल टेक्निशियन. लॅबमध्ये मागच्या खोलीत बसतात ते.

आधी किरकोळ चुका उरकतो. ‘झिर्कोनियम या चमकदार धातूची कॅप’ असं छापलंय. झिर्कोनियम धातू आहे हे खरं, पण तोंडात बसतो तो त्याचा ऑक्साइड, म्हणजे झिर्कोनिया, आणि ते सिरॅमिक आहे. धातू नको म्हणून तर लोक जादा पैसे मोजून ती कॅप बसवतात, आणि तुम्ही त्यांना सकाळी सकाळी सांगता की तोंडात धातूच आहे! दुसरं, ‘दात प्रिंटरमधून छापून बाहेर पडतो’. तुमच्याच फोटोतलं यंत्र मिलिंगचं आहे. ते छापत नाही, कोरतं. प्रिंटरवर मॉडेल निघतं, गाईड (ड्रिलला वाट दाखवणारा साचा) निघते, तात्पुरते दात निघतात. फोटोखाली एक आणि फोटोत दुसरंच, हे पुरवणी लावणाऱ्या कुणाच्याच लक्षात येऊ नये?

आणि ही म्हणे ‘गेल्या चार-पाच वर्षांतली क्रांती’. मी १९८४ साली लॅबमध्ये प्लास्टर कालवायला लागलो. पुढच्याच वर्षी झुरिकमध्ये मोरमान नावाच्या दंतवैद्याने आणि ब्रँडेस्टिनी नावाच्या इंजिनिअरने तोंडात कॅमेरा घालून, यंत्रावर सिरॅमिकचा ठोकळा कोरून, त्याच बैठकीत पेशंटच्या दातात बसवला होता. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, फ्रान्सचे दंतवैद्य द्युरे यांनी प्रकाशाने दाताचं माप घेण्याची कल्पना मांडली होती. क्रांती चाळिशी ओलांडून गेली, तुमच्याकडे तिची बातमी आत्ता पोचली.

माझा राग मशिनवर नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर ‘जुन्या माणसाची कुरकुर’ म्हणून पत्र बाजूला पडेल. दातांचं माप घ्यायच्या लगद्याचा, अल्जिनेटचा, गोळा घशाकडे सरकला की पेशंटला कसं ओकायला यायचं हे मी पाहिलंय. माप कुरिअरमध्ये वाळून आक्रसलं की लॅबवाल्याच्या नावाने शिमगा, तोही सोसलाय. तोंडात फिरवून माप घेणाऱ्या स्कॅनरने ते संपवलं, बरं झालं. प्रश्न त्या ‘हाता’चा आहे.

झिर्कोनियाची चकती भट्टीत जाण्याआधी खडूसारखी असते. मशिन तिच्यातून कॅप कोरतं ती मुद्दाम वीस-पंचवीस टक्के मोठी, कारण पुढे सुमारे १५०० अंशांच्या भट्टीत ती आक्रसून मापावर येते. कोरून झाल्यावर ती चकतीत दोन-तीन बारीक काड्यांवर लोंबत असते. त्या काड्या कोण कापतं? हात. कापलेली जागा कोण घासतं? हात. हिरडीकडची कड कागदासारखी पातळ असते, बोट जरा जड पडलं की टवका उडतो आणि सगळं पहिल्यापासून. नंतर रंग, नंतर ग्लेझ म्हणजे चकाकीचा थर, तेही ब्रशने, आणि तो ब्रश अजून तरी वायफायवर चालत नाही.

आता माझी स्वतःची दाढ. खालची उजवी पहिली, आमच्या भाषेत ४६. गेल्या वर्षी ती काढावी लागली. पुतण्या पुण्याला असतो, तो म्हणाला, “काका, तुमचं प्लास्टर-बिस्टर गेलं आता, एका दिवसात दात मिळतो.” नेलं मला एका चकचकीत क्लिनिकमध्ये. नाव लिहीत नाही, पुतण्याची ओळख आहे.

एका दिवसाचं म्हणाल तर स्क्रू (इम्प्लांट, मुळाच्या जागी बसतं ते) हाडात बसवल्यापासून कॅप तोंडात येईपर्यंत साडेतीन महिने गेले. त्याबद्दल तक्रार नाही, तो हाडाचा वेळ आहे. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची डबी परत काढता येईना, तेव्हा हाड या धातूला धरून ठेवतं हे त्यांच्या लक्षात आलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. तेव्हापासून स्कॅनर आले, गाईड आल्या. हाड मात्र आपल्याच चालीने चालतं. पण मग जाहिरातीत ‘एका दिवसात’ कशाला?

स्क्रू बसवण्याचं काम, खरं सांगतो, देखणं झालं. आधी थ्रीडी स्कॅन काढला. खालच्या जबड्यात दाढांच्या मुळांखालून नस जाते, तिच्यापासून अंतर मोजलं, प्रिंट केलेली गाईड दातांवर बसवली आणि तिच्या नळीतून ड्रिल सरळ आत. ओठ बधिर राहिला नाही. इथे मशिनला शंभरपैकी शंभर.

घोळ झाला तो कॅपच्या वेळी. इम्प्लांटवर छोटा खुंटा लावला, स्कॅनरची दांडी तोंडात फिरवली आणि मला खुर्चीत आडवं झोपवून “चावा अंकल” म्हणाले. आडवं झोपलं की खालचा जबडा मागे सरकतो. मी तसं सांगायला गेलो, पण तोंडात दांडी. कॅप बसली, मी दात मिटले, तर ‘टक्’. बाकीचे दात हवेत आणि ४६ एकटी टेकलेली. मी म्हटलं, “उंच आहे.” तो मुलगा, वय असेल अठ्ठावीस, म्हणाला, “सवय होईल अंकल.”

सवय नैसर्गिक दाताला होते. तो हाडात बारीक तंतूंवर टांगलेला असतो, चावलं की किंचित दबतो. इम्प्लांट हाडाला थेट धरून असतं, दबायला गादीच नाही. म्हणून तिथली कॅप किंचित हलकी ठेवायची, हे आमच्या लॅबमध्ये पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा सांगेल. मी तेच म्हणालो. त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवला. “बघा ना, सगळं हिरवं आहे.”

मी म्हटलं, “डॉक्टर, मी स्क्रीनने जेवत नाही.”

आर्टिक्युलेटिंग पेपर मागितला. तो निळा कागद, दातांत धरून चावायचं आणि ठिपका कुठे उमटतो ते बघायचं. लाखांच्या मशिनवाल्या त्या दवाखान्यात कागदाची पट्टी सापडायला दोन ड्रॉवर उघडावे लागले. सापडली, एकदा घासल्यासारखं केलं, तेवढ्यात पुढचा पेशंट आला. झालं.

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी जयसिंगपूरचं भडंग खात होतो. भडंग म्हणजे काही सुपारी नव्हे. शेंगदाणा दाढेखाली आला आणि कॅप हलली. कॅपला इम्प्लांटशी धरणारा आतला छोटा स्क्रू ढिला. दुसऱ्या दिवशी कोयनेने पुण्याला. कॅपच्या मधल्या भोकातलं सिमेंट कोरून काढलं आणि त्याखालून निघाली पांढरी टेफ्लॉन टेप, प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतो तशी. (हसू नका, हीच पद्धत आहे आणि चांगली आहे. फक्त तुमच्या ‘अवकाशयुगीन’ लेखात तिला जागा मिळाली नाही.) या वेळी एक वयस्कर बाई होत्या डॉक्टर. स्क्रीनकडे बघितलंही नाही. निळा कागद, चावा, घासा. पुन्हा कागद, चावा, घासा. ठिपका आधी वाटाण्याएवढा, मग तिळाएवढा, मग नुसती सावली. रबराच्या चाकाने पॉलिश, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) स्क्रू आवळला, पंधरा मिनिटांत काम फत्ते. आठ महिने झाले, दाढ गुपचूप आहे. स्क्रू आवळण्याचे पैसे मात्र वेगळे लावले.

मी मिरजेत राहतो. इथे तंबोरे करणाऱ्यांची घरं आहेत. भोपळा कुठून आणला, लाकूड कुठलं, हे सगळं ठीक. तंबोरा बोलायला लागतो तो जवारी काढल्यावर. घोडी (तारा टेकतात ती पट्टी) कणभर घासायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, कान लावायचा, पुन्हा कणभर घासायची. त्या बाईंचे हात मला तिथलेच वाटले.

तुमच्या लेखात डॉक्टरांचे तीन फोटो आहेत आणि मशिनचे दोन. फाईल लॅबमध्ये आल्यावर संगणकावर दाढेचा एकेक उंचवटा ओढून-ताणून जागेवर बसवणाऱ्या मुलीचा एकही नाही. माझ्या हाताखाली मेणाचे दात कोरायला शिकलेली एक मुलगी आज दिवसभर तेच काम माऊसने करते. मेणात हात बसला होता म्हणून तिची दाढ दाढेसारखी दिसते. तिच्याकडे रंगाची चिठ्ठी येते ‘A2’ (रंगपट्टीवरच्या एका छटेचं नाव) आणि सोबत ट्यूबलाइटखाली, लिपस्टिकसकट काढलेला मोबाइलचा फोटो. त्यावरून समोरचा दात करायचा! शेजारच्या दातावर पांढरा डाग आहे का, टोकाला काचेसारखी झाक आहे का, काही नाही. कॅप बाथरूमच्या टाईलसारखी दिसली की फोन लॅबला. छान जमली की श्रेय ‘अत्याधुनिक तंत्रज्ञाना’ला. पूर्वी मी पेशंटलाच लॅबमध्ये बोलावून सकाळी खिडकीशी बसवायचो. आता पेशंट सांगलीत, लॅब मुंबईत, कोण कुणाला बसवणार? १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात निदान ‘डेंटल मेकॅनिक’ म्हणून आमची नोंद तरी झाली होती. तुमच्या पानभर लेखात एक ओळ नाही.

जाता जाता आणखी एक. लेखाखालीच दातांच्या दवाखान्याची पाव पान जाहिरात आहे, तोच निळा रंग, तसंच हसू. लेख कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली हे चष्मा पुसूनही कळेना. बायको म्हणाली, “अहो, तुम्ही फोन नंबरपण लेख म्हणून वाचताय.” मध्ये एक रेघ तरी मारत जा.

गेल्या वर्षी बसस्थानकातल्या बंद पंख्यांवरचं माझं पत्र तुम्ही असं कापलंत, की पंखे चालू आहेत अशीच माझी तक्रार असल्याचं वाचकांना वाटलं. दोन ओळखीच्यांनी विचारलंसुद्धा, “तुम्हाला वारं सोसत नाही का?” तेव्हा हेही पत्र कापायचंच असेल तर भडंग कापा, पुतण्या कापा. झिर्कोनियाचा परिच्छेद आहे तसा ठेवा. आणि नाव छापू नये, पुतण्या दिवाळीला यायचाय.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(निवृत्त डेंटल टेक्निशियन), मिरज