शाईतला दचकलेला शिपाई

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. जुन्या इटालियन शाईच्या चित्रांतले पुरुष म्हणजे ‘नुसती तालमीतली अंगे’, असे तू लिहिलेस, आणि ते वाचल्यापासून मला स्वस्थ बसवेना. गेले दोन दिवस मी मायकेलअँजेलोच्या एकाच चित्राची छापील प्रत भिंगाखाली धरून बसलो आहे. मूळ कागद ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

फ्लॉरेन्सच्या सभागृहातील भित्तिचित्रासाठी त्याने १५०४ च्या सुमारास हा अभ्यास केला. विषय होता १३६४ ची काशिनाची लढाई. फ्लॉरेन्सने पिसा शहरावर मिळवलेला विजय दाखवायचा सोडून त्याने निवडला तो उकाड्याने हैराण होऊन आर्नो नदीत उतरलेल्या शिपायांमध्ये ‘शत्रू आला’ अशी हाक उठते तो क्षण. भिंतीवर ते चित्र कधी उतरलेच नाही. माझ्यापुढचा शिपाई काठावर बसल्या बसल्या मागे वळला आहे; पाठीवर रेघा एकमेकींना छेदत दाटतात तिथे खळगा पडतो, विरळ होतात तिथे स्नायू वर येतो, आणि उंचवट्यांवर पांढऱ्या रंगाचे हलके हात फिरले आहेत. अंग पीळदार आहे खरेच, पण तो पीळ दचकण्याचा आहे. (‘हे सारे लाओकूनच्या प्राचीन पीळदार शिल्पावरून आले’ असे म्हणू नकोस, ते रोममध्ये सापडले १५०६ साली.)

लिओनार्दोला असली अंगे खपत नसत. दिसेल तो स्नायू फुगवणाऱ्या चित्रकारांची माणसे म्हणजे अक्रोडांचे पोते किंवा मुळ्यांची जुडी, असे त्याने लिहून ठेवले आहे. रोख मायकेलअँजेलोवर असावा, असे मला वाटते. १४९० च्या सुमारास लिओनार्दोने स्वतः शाईने काढलेला आदर्श पुरुष रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसच्या मापांतला : वर्तुळात आणि चौकोनात उभा, पसरलेल्या हातांची लांबी उंचीइतकी. पण त्याचा चेहरा बघ, कपाळाला आठ्या! मापात बसण्याचेही कष्ट असावेत.

मायफळ (ओकच्या झाडावरची गाठ), हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि डिंक यांची ती शाई मूळची काळपट असे, काळाने तपकिरी होत गेली. खडूची रेघ पुसता येते, हिची येत नाही. म्हणून चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी ओढावी लागे. तुझ्याकडच्या पुस्तकात तो शिपाई असेलच. त्याच्या पाठीचा कणा कुठे वळतो तेवढे नीट पाहा आणि ‘तालमीतली अंगे’ हे शब्द मागे घेतोस का, ते कळव.

तुझा,
अविनाश